सोलर कुकरमधल्या फ्लॉप्या

फ्लॉपी म्हणजे काय, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं आणि सांगताना माझं डोकं फिरतं. कॉम्प्युटरवर ‘सेव्ह’ करायच्या बटणावर जे चौकोनी चित्र असतं ना, तीच फ्लॉपी, असं म्हटलं की म्हणतात, “अच्छा, म्हणजे ती खरी वस्तू होती?” खरी होती बाबांनो. हातात धरता यायची, पर्समध्ये घालून नेता यायची, आणि आमच्या घरी तर ती एकदा शिजलीसुद्धा आहे.

छत्तीसगढ वेगळं झालं त्या वर्षीची गोष्ट. मी उज्जैनला एका सरकारी खात्याच्या मंडळ कार्यालयात डाटा एन्ट्री ऑपरेटर होते, तीही कंत्राटी. नवरा त्याच खात्यात सब-इंजिनिअर, सरकारी भाषेत उपयंत्री, तो मात्र पक्का. खात्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून पेन्शन खातात आणि संध्याकाळी फिरायला निघाली की भेटतात. आम्ही फ्रीगंजात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. घरात माणसं तीन: आम्ही दोघं आणि सासूबाई. सासरे केव्हाच गेले होते, आणि नवरा त्यांचा एकुलता एक.

सासूबाई पक्क्या उज्जैनच्या. त्यांच्या माहेरचे पूर्वज दरबाराच्या नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडायला माळवी, असा त्यांचा हिशोब. इंदूरला भाचीच्या लग्नाला गेल्या तरी संध्याकाळच्या बसने परत. “महाकालाला सोडून मी कुठं राहत नाही. मेले तर इथंच, रामघाटाच्या वाटेवर,” असं त्या येता-जाता ऐकवायच्या. ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं होतं, पण त्या वर्षी ते वाक्य ऐकलं की मी आणि नवरा एकमेकांकडे बघायचो.

कारण राज्याची वाटणी व्हायची होती. जिल्हे वाटून झाले, नद्या वाटून झाल्या, आता माणसं वाटायची होती. आमच्या खात्यात प्रत्येकाकडून ऑप्शन मागवले होते. नियम आमच्यापर्यंत पोचले ते असे: ज्यांना स्वतःहून तिकडे जायचंय ते पहिले, नवरा-बायको दोघं पक्क्या नोकरीत असतील तर त्यांना एकत्र ठेवायचं, आणि उरलेल्या जागांवर ज्युनिअर लोक पाठवायचे. माझा नवरा नोकरीला उशिरा लागलेला, त्यामुळे यादीत पार शेवटाला. आणि कंत्राटी बायको नियमात बसत नव्हती. साहेबांना मी विचारलं होतं, तर हसून म्हणाले, “आप तो सरकार की नज़र में हैं ही नहीं, मैडम.” सरकारच्या नजरेत नाही, आणि सगळ्या मंडळाची माहिती चढवतेय कोण, तर मीच!

म्हणजे नवरा रायपूरकडे गेला तर दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. एक तर आम्ही दोघं जायचं आणि पाऊणशे वर्षांच्या बाईला एकटीला ठेवायचं, नाही तर त्याने एकट्याने जायचं आणि मी इथे राहायचं. सासूबाई येणार नव्हत्या. गुडघे गेलेले, बीपीची गोळी, पण जिद्द अशी की विचारायची सोय नाही. रोज जेवताना हा विषय निघायचा आणि रोज कोणीतरी म्हणायचं, “आमटी वाढ.” तिथेच संपायचा.

आता कॉम्प्युटरचं सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरची आठवण दोन जातींची. एक वरवरची, काम चाललंय तोवर टिकते आणि लाईट गेली की साफ. उज्जैनला तेव्हा लाईट दिवसातून किती वेळा जायची हे सांगत बसत नाही. दुसरी टिकाऊ, लाईट गेली तरी राहणारी. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात हिला दुय्यम म्हटलं होतं, सेकंडरी स्टोरेज. दुय्यम कसली डोंबलाची! सगळा संसार त्या दुय्यमावरच चालतो. त्यात पुन्हा प्रकार. मशीनच्या पोटातली हार्डडिस्क म्हणजे घरातली कोठी, सगळं तिच्यात. फ्लॉपी म्हणजे डबा, कोठीतून थोडं काढून घ्यायचं आणि कोणाकडे न्यायचं. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटचीच थोरली बहीण; शेवटचं हवं असलं तरी पहिल्यापासून सगळी फिरवावी लागते. आणि सीडी तेव्हा नवीन नवरी. बघायला छान, पण तिच्यावर लिहायचं मशीन इंदूरला.

आमच्या ऑफिसला टेपचं मशीन भोपाळहून आलं होतं. जोडायची केबल आली नाही. ती येईपर्यंत म्हणून ते खोकं साहेबांच्या केबिनमध्ये ठेवलं, आणि केबल काही आली नाही. त्यावर साहेबांचा टिफिन असायचा. उरली हार्डडिस्क आणि फ्लॉप्या.

श्रावणात एका दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि मशीनच्या पोटातून कटकट कटकट आवाज यायला लागला. साहेब म्हणाले, “थोड़ा ठोक के देखो.” त्यांचा रेडिओ ठोकून चालायचा. मी म्हटलं, “सर, हा रेडिओ नाही.” त्यांनी तरी एक टपली मारलीच. हार्डडिस्क गेली ती गेली. इंदूरला दुरुस्तीला पाठवली, तिकडून निरोप आला की नवीनच घ्या. नवीन मंजूर व्हायला फाईल निघाली.

माझं नशीब, की सगळ्या मंडळाची माहिती मी फ्लॉप्यांवरही उतरवून ठेवली होती. कोणाची नेमणूक केव्हाची, घर कुठलं, कोणाची बायको कुठे नोकरीला, कोणाकडे आजारपण, कोणाला तिकडे जायचंय, कोणाला नाही. डझनभर फ्लॉप्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी: लिपिक, ड्राफ्ट्समन, उपयंत्री पहिले, उपयंत्री शेवटचे. भोपाळला ह्याच पाठवायच्या होत्या. ऑफिसच्या भिंतींना त्या वर्षी अशी ओल आली होती की कपाटातले कागद पुऱ्यांसारखे फुगले. म्हणून मी फ्लॉप्या घरी आणल्या आणि स्टीलच्या डब्यात घालून देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवल्या. मला वाटलं, घरापेक्षा सुरक्षित जागा कुठली?

पाऊस सरला, पितृपंधरवडा लागला आणि लख्ख ऊन पडायला लागलं. आता आमच्याकडे पावसाळा संपला की सासूबाईंचा ऊन दाखवायचा सोहळा असायचा. गाद्या, रजया, पैठणी, डाळी, रवा, सासऱ्यांची जुनी पुस्तकं, एकेक वस्तू गच्चीवर जायची. ऊन खाल्लं की कीड मरते, बुरशी जाते, ओल जाते. त्यात आमच्याकडे सोलर कुकर होता. सरकारने सवलतीत वाटले होते तेव्हा घेतलेला: काळी पेटी, वर काचेचं झाकण, वर आरसा. त्यात सासूबाई डाळ शिजवायच्या, शेंगदाणे भाजायच्या, आणि रव्याला ऊन दाखवायचं तेही त्यातच, कारण गच्चीवर माकडं. काही उघडं ठेवलं की नेलंच म्हणून समजा. एकदा माझा पेटीकोट घेऊन एक माकडीण समोरच्या शाळेवर बसली होती, तेव्हापासून आम्ही काही उघडं ठेवत नसू.

त्या शनिवारी मी दुपारीच घरी आले. भोपाळहून फोन आला होता, येत्या आठवड्यात माहिती पाहिजेच. फडताळ उघडलं तर डबा नाही.

“आई, इथला डबा कुठंय?”

गच्चीवरून आवाज आला, “अगं, तुझ्या त्या चकत्यांना पांढरी बुरशी लागली होती. मी ऊन दाखवतेय.”

मी एका दमात जिना चढले. “कुठे? कुठे ठेवल्यात?”

“कुकरात. बाहेर ठेवल्या असत्या तर माकडांनी नेल्या असत्या. काळजी करू नकोस, डाळ काढून घेतली, फडक्याने पुसलं, मगच ठेवल्या.”

झाकण उघडलं. गरम वाफारा तोंडावर आला आणि प्लॅस्टिकचा वास. सगळ्या फ्लॉप्या तळलेल्या पापडासारख्या वाकड्या झाल्या होत्या. काही एकमेकींना चिकटल्या होत्या. एकीची पत्र्याची पट्टी निघून पडली होती.

मी काय ओरडले ते मलाही सगळं आठवत नाही. “अहो आई, डोकं आहे का जाग्यावर?” इथून सुरुवात झाली एवढं आठवतं. शेजारची पंडिताइन हातातलं धुणं तसंच ठेवून कठड्याशी आली. “क्या हुआ? कोई गिर गया क्या?”

सासूबाई तिला म्हणाल्या, “कुछ नहीं, बहू का नाटक है,” आणि मला म्हणाल्या, “ओरडू नकोस, लोक बघताहेत. काय जळलं ते सांग आधी.”

मी रागाने एक फ्लॉपी उचलली आणि कडेने कडाकड मोडली. म्हटलं बघा, हे जळलं. आतून काळी चकती खाली पडली. पातळ, गोल, मधे एक धातूचं बटण. सासूबाईंनी वाकून ती उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, “ही तर चांगली आहे की. सरळ आहे. वरचा डबाच तेवढा वाकडा झालाय.”

मी बघितलं. खरंच. चकतीला काही झालं नव्हतं, कडेला बुरशीचे ठिपके तेवढे होते. आमच्या क्लासचे सर एकदा म्हणाले होते, माहिती असते ती चकतीवर, बाकीचं सगळं तिचं घर. घर मोडलं तर दुसऱ्या घरात नेऊन बसवा. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. गच्चीवर त्या उन्हात एकदम आठवलं आणि मी मोठ्याने म्हटलं, “होईल. दुसऱ्या फ्लॉपीत बसवली तर होईल!”

सासूबाईंनी चकती माझ्या हातात दिली. “ह्यात आहे तरी काय एवढं?”

“वाटणीची माहिती. कोण कुठे जाणार ते ह्यावरून ठरणार.”

“आपल्या बाळाचंही ह्यात?”

“आहे ना.”

“आणि हे पोचलंच नाही तर?”

साहेबांनी काय सांगितलं होतं ते मी बोलून बसले. ज्या मंडळाची माहिती वेळेत येणार नाही, त्यांचं नंतर बघू. आणि सरकारचं नंतर म्हणजे काय, हे उज्जैनमध्ये कोणाला सांगायला नको. कागदी फॉर्म ऑफिसात होते, पण ते सगळे परत चढवायला जे दिवस लागले असते ते हातात नव्हते, आणि शेवटच्या उपयंत्र्यांचे फॉर्म तर ओलीने एकमेकांना चिकटून लगदाच झाले होते.

सासूबाई कुकरजवळच्या पाटावर बसल्या. “मग राहू दे की तशाच. देवानंच केलं म्हणायचं.”

“देवानं नाही, तुम्ही केलंत.”

“मी केलं ते त्यानंच करवलं. मला काय सुचणार गं? जाऊ दे. चल, डाळ गार होतेय.”

संध्याकाळी नवरा आला. त्याला सगळं सांगितलं. तो चपला काढता काढता थांबला आणि म्हणाला, “मला विचारू नका. माझंच नाव आहे त्यात, मी काय सांगणार?”

“अहो, पण काहीतरी बोला.”

“काही बोललो तर जन्मभर ऐकावं लागेल. तुझं काम आहे, तू ठरव.” आणि हात-पाय धुवायला निघून गेला. मला असा संताप आला! ह्याचं नाव, ह्याची आई, आणि ठरवायचं मी.

खोटं कशाला बोलू, मलाही त्या तशाच राहायला हव्या होत्या. नवऱ्याने जायला नको होतं. लग्नाला चार वर्षं होत होती, आत्ता कुठे घर घरासारखं वाटायला लागलं होतं. चकत्या डब्यात ठेवून डब्यावर ताट झाकलं.  जेवताना आमटीसुद्धा कोणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी ऑफिसातले ड्राफ्ट्समन आले. हे दुर्गजवळच्या खेड्यातले, नोकरीची सगळी वर्षं माळव्यात काढलेली. देवास गेटला एका खोलीत एकटे राहायचे. बायको वारली होती, गावी आई. एरवी ते नवऱ्याकडे नकाशा-बिकाशाच्या कामाने यायचे, त्या दिवशी माझ्याकडे आले होते. पोह्यांची बशी हातात घेऊन बसले आणि खात नव्हते.

“भाभीजी, एक बात पूछनी थी. मेरा ऑप्शन चढ़ गया न?”

“चढ़ गया, भैया.” हे खरंच होतं. चढवला मीच होता.

“भोपाल पहुँच गया?”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो वर्तमानपत्रात बघत होता. सासूबाई वाती वळत होत्या.

“अभी नहीं,” मी म्हटलं.

“माँ रोज़ पीसीओ से फ़ोन करवाती हैं. आँखें तो चली गईं उनकी. पड़ोस की लड़की दो रोटी रख जाती है. कहती हैं, बेटा, तेरी आवाज़ तो है मेरे पास, तू कब आएगा?” आणि लगेच हसले. “आप लोग यहाँ से जाना नहीं चाहते, और हमको कोई भेजता नहीं. सरकार भी क्या चीज़ है.”

सासूबाईंनी विचारलं, “रात को कौन रहता है उनके पास?”

“कोई नहीं, माताजी.”

एवढंच. पोहे संपवून, बशी स्वतः मोरीत ठेवून, नमस्कार करून गेले. नवरा उठून खिडकीपाशी उभा राहिला. सासूबाईंनी वात पुरी केली, हात पुसले, आणि मला म्हणाल्या, “नवीन चकत्यांचे डबे कुठं मिळतात?”

“देवास गेटला. का?”

“का म्हणजे? जा, घेऊन ये. आणि कंपाउंडरकडून ते बुरशी पुसायचं घेऊन ये, काय असेल ते.”

“आई, नक्की?”

“नक्की-बिक्की काही नाही. त्या बाईला दिसत नाही, आणि मला दिसतंय. आता बसून राहिले तर मला घास गिळायचा नाही. जा लवकर, माझा विचार बदलायच्या आत.”

मी गेले. नव्या फ्लॉप्या आणल्या, कापूस आणि स्पिरिट आणलं. भैरवगढची छापाची चादर जमिनीवर अंथरली, तिच्यावर वर्तमानपत्र. काम असं होतं: नवीन फ्लॉपी कडेने हळूच उकलायची, तिची कोरी चकती काढून टाकायची. मग वाकडी उकलायची, तिची चकती काढायची, कापसाने पुसायची, वाळू द्यायची, नव्या घरात बसवायची आणि कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. चकतीला बोट लावायचं नाही, ओरखडा तर अजिबात नाही. ओरखडा आला की तिथलं लिहिलेलं गेलं, मग ब्रह्मदेव आला तरी ते परत येत नाही. हे मी सासूबाईंना तीनतीनदा सांगितलं. “अगं हो, कळलं,” त्या म्हणाल्या, “मी काय कोबी चिरतेय?”

ब्लाउजची शिवण उसवायची त्यांची छोटी कात्री होती, ती त्यांनी घेतली. मी ब्लेड घेतलं. पहिलीच माझ्या हातून घसरली आणि चकतीवर नखाएवढी रेघ उठली. मी शिवी दिली. सासूबाई म्हणाल्या, “तोंड आवर, आज सर्वपित्री नाही का.” सर्वपित्रीला अजून दोन दिवस होते, पण त्यांना मला टोकायला पंचांग लागायचं नाही. त्यांच्याकडूनही दोन बिघडल्या. एकीवर बांगडी घासली, एक चकती खाली पडून दुमडली. बांगड्या मग काढून ठेवल्या. नवरा इतका वेळ बाहेर बसला होता. तोही येऊन कापूस भिजवून द्यायला लागला. 

दुपार झाली तशी डब्यात एकच उरली. चिठ्ठीवर माझंच अक्षर: उपयंत्री शेवटचे.

नवऱ्याने ती बघितली, उठला आणि पान आणायला म्हणून खाली गेला. तो पान खात नाही. मी ती हातात घेऊन बसले. एवढं करून शेवटी माझ्याच हातून व्हावं, की न व्हावं? मला काही कळेना. सासूबाई म्हणाल्या, “ही कुठली?”

माझा ताबा सुटला. मी ती त्यांच्यापुढे ठेवली. “ही घ्या. ह्यात तुमचा मुलगा आहे. तुम्हाला काय करायचं ते करा. मी चहा टाकते.” आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला, तो उतू गेला, परत टाकला. बाहेर बघितलं नाही. मनात म्हटलं, आई आहे, तिचा हक्क आहे. काय वाट्टेल ते करू दे, मी एका शब्दाने विचारणार नाही.

चहा घेऊन आले तेव्हा ती नव्या घरात बसवून, चिकटपट्टी लावून, चिठ्ठी जुन्यावरून काढून नव्यावर डकवून, बाकीच्यांच्या ओळीत ठेवलेली होती. सासूबाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

संध्याकाळी फ्रीगंजातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. मालक ओळखीचे, त्यांनी एक मशीन मोकळं करून दिलं. एकेक फ्लॉपी घालायची, आत खर्रखर्र आवाज व्हायचा, आणि मी श्वास रोखून बसायचे. बऱ्याचशा वाचल्या. काहींना दोन-तीनदा घालावं लागलं, एकदा दुसऱ्या मशीनवर. ज्या तीन हातून बिघडल्या होत्या, त्यांच्यातली काही पानं गेली. ती सोमवारी कागदी फॉर्म पुढ्यात घेऊन मी तिथेच परत चढवली. ड्राफ्ट्समनवाली दुसऱ्या झटक्यात निघाली. ‘उपयंत्री शेवटचे’ पहिल्याच झटक्यात, एका अक्षराची चूक नाही. सगळ्या ढिगाऱ्यात तेवढी एकच अशी निघाली. मी पडद्यावर नवऱ्याचं नाव बघितलं आणि तिथेच रडले. क्लासचे मालक म्हणाले, “अरे मैडम, डाटा मिल गया, रोती क्यों हो?”

मग नव्या फ्लॉप्यांचे दोन संच केले. एक ऑफिसात ठेवला, एक घेऊन साहेबांचा माणूस बसने भोपाळला गेला. साहेब म्हणाले, “शाबास,” आणि वर म्हणाले की मैडमनी एवढं केलं, तर ह्यांचं काम संपलं म्हणून पुढच्या महिन्यापासून कंत्राट वाढवायची गरज नाही. ऐका!

नवं राज्य झालं. रेडिओवर, टीव्हीवर ढोल वाजले. आमच्याकडे आदेशाची वाट. आज येतो, उद्या येतो, म्हणता म्हणता थंडी पडली. शेवटी आला. नवरा तो घेऊन घरी आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. आम्ही दोघींनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. वाचायची गरज नव्हती.

“कुठं?” सासूबाईंनी विचारलं.

“बस्तरकडे. जगदलपूर.”

“आणि तो? दुर्गवाला?”

“त्याचं झालं. दुर्गलाच.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि शेगडीवरचं दूध उतरवायला आत गेल्या.

ठरलं असं, की त्याने जायचं आणि मी सासूबाईंपाशी राहायचं. ठरवलं कोणीच नाही, पण ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याचे कपडे घड्या करत होते आणि सासूबाई त्याच्यासाठी चकल्या डब्यात भरत होत्या. इतके महिने मी विचारणार नाही म्हणून गप्प होते. त्या दिवशी राहवलं नाही.

“आई, एक विचारू? ती शेवटची तुमच्या एकटीच्या हातात होती. नख लागलं असतं तरी हा राहिला असता.”

“हो, राहिला असता.”

“मी मुद्दाम उठून गेले होते.”

“माहितीय मला. तेवढी कळतेस मला तू.” त्या डब्यात चकली ठेवत होत्या, ती हातातच राहिली. “मी नख टेकवलंसुद्धा होतं गं. पण नाव त्याचं. लहानपणी त्याची नखं कापतानासुद्धा माझा हात कापायचा. कसं ओरखडू?”

 त्यांनी चकली डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाल्या, “त्याचा स्वेटर वर ठेव. गाडीत पहाटे थंडी वाजते, आणि तो मागणार नाही.”